आवाज वाढवा

"सर, कुणाला तरी मारहाण चालू आहे आणि मागे टीव्ही लागलाय, तर ती मारहाणही तुमच्या कंपनीच्या मालकीची होते का?"

हा प्रश्न माझा नव्हता. म्हणजे विचारला मीच, पण पैज सानिकाची आणि तिच्या टोळीची होती. शाळेत 'सिग्नल साक्षरता सप्ताह' चालू होता आणि प्रक्षेपण कंपनीचे एक मोठे साहेब मुंबईहून भाषणाला आले होते. सानिकानं मागून माझ्या कानात प्रश्न सांगितला आणि म्हणाली, "विचारलास तर महिनाभर तुझी सॅक मी उचलीन." गेल्या वर्षीची आर्वी घरत बाकाखाली शिरली असती. हजेरीला माझा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचायचा नाही, बाईंनी मला दोनदा डोळ्यांदेखत गैरहजर लावलं होतं. पण यंदा मी दहावीत होते, जिल्ह्याच्या कबड्डी संघात चढाई करत होते आणि एकशे चार चढायांमध्ये माझा दम एकदाही तुटला नव्हता. मी उभी राहिले. माइक दिला तो घेतला नाही. असाच विचारला.

सगळा हॉल हसला. साहेबही हसले. "हुशार आहेस बेटा. मारहाण आमची नाही. मागचा आवाज तेवढा आमचा."

टाळ्या पडल्या. सानिकानं माझी सॅक चार दिवस उचलली. पाचव्या दिवशी मी शाळेत गेलेच नाही.

ते सांगण्याआधी खुणेचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मी सहावीत असताना जगातल्या पुष्कळ देशांनी मिळून प्रक्षेपण करार केला. आधी गाणं ज्यानं केलं त्याचं असायचं, सिनेमा ज्यानं काढला त्याचा. करारानं आणखी एक मालक आणला. जो ते आपल्या घरापर्यंत पोचवतो, तो. आतला मजकूर कुणाचाही असो, अगदी कुणाचाच नसो, एकदा त्यांच्या सिग्नलमधून गेला की त्या सिग्नलवर पन्नास वर्षं त्यांचा हक्क. आमच्या भोईर मॅडम म्हणायच्या, पोस्टमननं पत्र आणून दिलं आणि वर म्हणाला, आता वाचायचं तर मला विचारून वाचा.

हक्क आला की राखणदार लागतो. म्हणून खूण आली. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी येतो ना, तसाच, पण फार बारीक प्रतिध्वनी ते प्रत्येक आवाजात मिसळतात. मूळ आवाजाच्या मागोमाग, सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या उशिरानं. आपला कान दोन्ही मिळून एकच आवाज समजतो. उशीर जरा कमी असला तर तो शून्य, जरा जास्त असला तर एक. शून्य, एक, एक, शून्य, असं करत तो आवाज सतत स्वतःचं नाव सांगत राहतो: वाहिनी अमुक, तारीख अमुक, वेळ अमुक. करारानंतर विकल्या गेलेल्या प्रत्येक फोनमध्ये आणि प्रत्येक सीसीटीव्हीत एक चिप असते, तिला हे नाव ऐकू येतं. आलं की रेकॉर्डिंग बंद. आवाजही, चित्रही. पडद्यावर राखाडी पट्टा येतो, 'संरक्षित प्रक्षेपण'. आम्ही म्हणतो, शटर पडलं.

आधी गंमत वाटायची. माझ्या मावसबहिणीच्या हळदीचा व्हिडिओ निघालाच नाही, कारण शेजारच्या आजोबांनी बातम्या लावल्या होत्या. मग रेतीच्या बंदरावर एका ड्रायव्हरला पाच जणांनी फावड्यांनी मारलं. तीन कॅमेरे होते. ट्रकच्या केबिनमध्ये क्रिकेट चालू होतं. तिन्ही कॅमेऱ्यांत राखाडी पट्टा.

त्यानंतर लोक शिकले. मारायला जाताना खिशात छोटा टीव्ही न्यायचा. एकानं म्हणायचं, "आवाज वाढव," आणि बाकीच्यांनी सुरू व्हायचं. रिक्षा स्टँडवर एकाचा कान फाडला. बाजारात मासेविक्रीच्या फळीवर एकाचं डोकं आपटलं, तेव्हा मागे भजन लागलं होतं. हळूहळू त्या दोन शब्दांचीच दहशत बसली. आमच्याकडे एका लग्नात नवऱ्याच्या मामानं बेंजोवाल्याला सहज म्हटलं, "आवाज वाढव रे," तर अर्धी पंगत ताटं टाकून पळाली.

आणि मारणाऱ्यांना एक सवय लागली, ती लक्षात ठेवा. त्यांनी तोंडं झाकणं सोडून दिलं.

आता भोईर मॅडम. आमच्या आंबेखार गावात मुलींची कबड्डी त्यांनी उभी केली. गेल्या वर्षी आम्ही जिल्ह्याची अंतिम मॅच दोन गुणांनी हरलो. कुठे चुकलो ते बघायचं होतं. पण मॅच वाहिनीवर दाखवली होती, मैदानातल्या मोठ्या स्क्रीनवरही चालू होती, त्यामुळे आमच्या आयांच्या फोनवर सगळा राखाडी पट्टा. आमचीच मॅच आम्हाला बघता येईना. वाहिनीकडे मागितली तर अर्जाला उत्तरही आलं नाही.

मॅडमनी डोक्याला हात लावला नाही. त्यांनी 'बोल' काढला. चढाई करून परत आलं की मैदानाकडे पाठ करायची आणि मोठ्यांदा बोलायचं. डावा कोपरा कोण, तिचा कुठला पाय पुढे, मध्यरक्षक कोण, कोण कुणाचा हात धरून उभी, माझा हात कुणाला लागला, कधी. सातच्या सात. एक गाळली तर, "पहिल्यापासून." आधी मी तीन सांगायचे आणि रडायचे. मग पाच. मग एक दिवस साती सांगितल्या आणि वरून पंचाच्या बुटाची नाडी सुटलेली सांगितली. मॅडम म्हणाल्या, "आर्वी, तुझ्या डोक्यात शटर नाही." त्या दिवसापासून माझा आवाज सगळ्या बाकांपर्यंत जायला लागला.

या वर्षी तालुक्याची स्पर्धा आमच्या मैदानावर होती आणि मॅडमनी ठरवलं की प्रक्षेपण नको. "यंदा पोरींच्या आयांनी मॅच फोनवर काढायची आणि घरी बसून शंभर वेळा बघायची," असं त्यांनी सभेत सांगितलं. तालुक्यात कंपनीचं काम दिगंबर कडूकडे होतं. दिगूशेठ. स्क्रीन लावणं, सिग्नलची चोरी पकडणं, दोन्ही त्याचंच. त्यानं मॅडमना तीनदा निरोप धाडला. मॅडमनी तिन्ही वेळा नाही सांगितलं, शेवटच्या वेळी शिट्टी तोंडात ठेवूनच.

माझे पप्पा दिगूशेठकडे स्क्रीनचा ट्रक चालवतात. मोठा एलईडी पडदा, दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर. पप्पा ते स्पीकर स्वतःच्या रुमालानं पुसतात.

पाचव्या दिवशी मी सकाळी शाळा बुडवून मैदानावर गेले. मॅडमनी एकटीला बोलावलं होतं, उजव्या कोपऱ्याची पकड सोडवायची शिकायला. मी पाण्याच्या टाकीमागे बूट घालत होते, तेव्हा पप्पांचा ट्रक मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला. मला वाटलं, मॅडमनी नाही म्हटलं तरी दिगूशेठनं संध्याकाळच्या मॅचसाठी जागा बघायला धाडलं. पडदा लागला. त्यावर एक गोड आवाजाची बाई रव्याचे लाडू करत होती.

मागून जीप आली. चौघं उतरले. दिगूशेठ, आणि त्याची तीन माणसं, ज्यांची नावं मला त्याच वेळी कळली, कारण ती एकमेकांना हाका मारत होती. मंगेश, बाळ्या, रुपेश.

मॅडम चुन्यानं मध्यरेषा आखत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. "दिगंबर, मैदानात चपला काढून ये," म्हणाल्या.

दिगूशेठ ट्रककडे बघून म्हणाला, "घरत, आवाज वाढवा."

सकाळी साडेआठ वाजता रिकाम्या कबड्डीच्या मैदानावर लाडवांची कृती कुणाला मोठ्यांदा ऐकायची असते? पप्पांचा हात बटणावर गेला. मला तो हात दिसला. एक क्षण थांबला, मग बटण पूर्ण फिरलं.

मी फोन वर धरला. शटर पडलं.

"रवा मंद आचेवर भाजून घ्यायचा आहे," ती बाई म्हणाली आणि मंगेशनं मॅडमच्या पोटात लाथ घातली. त्या वाकल्या, पण पडल्या नाहीत. बाळ्यानं मागून केस धरले. रुपेशनं चुन्याची बादली त्यांच्या तोंडावर उलटी केली. मॅडम खोकत होत्या, डोळे चोळत होत्या आणि तरी त्यांनी बाळ्याचा घोटा धरून त्याला असा खेचला की तो तोंडावर आदळला. मग तिघंही त्यांच्यावर पडले. बुटांनी. बरगड्या, पाठ, तोंड. स्पीकरमधून तूप चुरचुरत होतं.

मी हलले नाही. हे मला लिहायचंच आहे. जिल्ह्याची चढाईपटू टाकीमागे एका पायात बूट घालून उभी होती.

मग मला कळलं की माझे ओठ हलतायत. डावा कोपरा मंगेश, उजवा पाय पुढे, हातात काही नाही. मध्ये बाळ्या, ओठ फुटलेला. उजवा कोपरा रुपेश, हिरवं जाकीट. समोर दिगूशेठ, हातात जीपचा जॅक फिरवायची लोखंडी दांडी. आपोआप चालू झालं होतं ते.

"आता वेलचीपूड," ती बाई म्हणाली. दिगूशेठनं दांडी दोन्ही हातांनी वर नेली आणि मॅडमच्या डाव्या गुडघ्यावर मारली. ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज स्पीकरच्या वर ऐकू आला. त्यानं परत मारली, त्याच जागी. "आता आख चुन्यानं रेघा," म्हणाला. "लाडू वळताना हाताला तूप लावावं," तेव्हा मंगेश मॅडमच्या ओढणीला हात पुसत होता.

चार चढायांएवढा वेळ. दोन मिनिटं.

मॅडमना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, मुंबईला नेलं, परत आणलं. गुडघ्याची वाटी तीन तुकडे. चार बरगड्या. उजव्या डोळ्यात चुना गेल्यानं त्या डोळ्यानं धूसर. माझी आई आरोग्यसेविका आहे, पहिली मलमपट्टी तिनंच केली. घरी आल्यावर ती पप्पांना म्हणाली, "अहो, तुम्ही होतात ना तिथे?"

"मी ट्रकमध्ये होतो. मला काही दिसलं नाही."

"आवाज?"

"मॅचची टेस्टिंग करत होतो गो," पप्पा म्हणाले. आईनं पातेल्याचं झाकण काढलं. तिनं भात वाढला. मी जेवायला बसले, आणि पप्पांना माहीतच नव्हतं की मी तिथे होते.

फौजदार मोकल मॅडम शाळेत आल्या, सगळ्या खेळाडूंना विचारत. मी त्यांना म्हटलं, "मी बघितलंय."

"व्हिडिओ?"

"शटर पडलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "चार वर्षांत मला असं कुणी सांगितलेलं नाही. सगळे म्हणतात, शटर पडलं, म्हणजे आम्ही काही बघितलं नाही. लोकांना वाटतं व्हिडिओशिवाय केस होत नाही. तोंडी साक्ष कायद्यात आहे, बाळा. कुणी देत नाही एवढंच."

"वकील म्हणतील पोरगी थापा मारते."

"म्हणतील. काय काय आठवतंय तुला?"

मी लाडवांसकट सगळं सांगितलं. लाडवांना मोकल मॅडम हसल्या नाहीत, पुढे सरकल्या. "थांब. वेलचीपूड म्हणाली तेव्हा गुडघ्यावर मारलं?"

"हो."

"कंपनीला आपला हक्क सांगायचा तर प्रत्येक सेकंदाला काय दाखवलं त्याची नोंद ठेवावी लागते. सरकारी नोंद आहे ती. वेलचीपूड किती वाजून किती मिनिटांनी, ते कंपनीच सांगेल. जीप नाक्यावरून किती वाजता गेली ते आमच्याकडे आहे, तिथे टीव्ही नव्हता. तुझं बोलणं त्यांच्याच घड्याळाला लावून बघता येईल." त्यांनी पेन परत उचललं. "पण मग ते विचारतील, आवाज कुणी वाढवला."

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी भोईर मॅडमना भेटायला दवाखान्यात गेले. पाय साखळीला टांगलेला. चेहऱ्याची कातडी चुन्यानं सोललेली. मी रडायच्या तयारीत होते, पण त्यांनी वेळच दिला नाही. डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बोल."

मी भिंतीकडे तोंड केलं. मंगेश, बाळ्या, रुपेश, दिगूशेठ. पाय, हात, जाकीट, दांडी. एकेक घाव, क्रमानं.

"बाळ्याचा ओठ मी फोडला, ते सांगितलंस. छान. आणखी कोण?"

"एवढेच."

"आर्वी, एक राहिला."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचत राहिले.

"माझे डोळे चुन्यानं बंद व्हायच्या आधी मीही बघितलं," मॅडम म्हणाल्या. आवाज कडक नव्हता, तेच वाईट होतं. "मी त्याचं नाव पोलिसांना दिलेलं नाही. तुझ्यासाठी. पण तुला नियम माहीत आहे."

एक गाळला तर पहिल्यापासून. मला माहीत होतं. मी बस पकडून घरी गेले.

रविवारी दुपारी ते आमच्याकडे आले. दिगूशेठ, मंगेश, रुपेश. चपला बाहेर काढून, अगदी पाहुण्यांसारखे.

"वहिनी, टीव्ही लावा ना जरा," दिगूशेठ म्हणाला.

आई ओट्यापाशी होती. लसूण ठेचत राहिली. मंगेशनं रिमोट शोधून टीव्ही लावला आणि रिमोट पप्पांच्या हातात दिला.

"पोरगी फौजदारणीशी फार वेळ बोलली म्हणे. घरत, आवाज वाढवा. तुम्हाला सवय आहे."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मैदानावर होते हे त्यांना तेव्हा कळलं असावं. त्यांनी अंगठ्यानं बटण दाबलं. वीस, तीस, चाळीस. कसलीतरी मालिका होती, एक सून सासऱ्याच्या पाया पडत होती. कपाटावरच्या माझ्या फोनचं रेकॉर्डिंग मी आधीच चालू केलं होतं. त्यावर राखाडी पट्टा आला.

मंगेशनं पप्पांची मान मागून धरून त्यांना ओट्यावर वाकवलं. रुपेशनं उजवा हात ओट्याच्या फरशीवर पसरला. दिगूशेठनं आईच्या हातातला बत्ता काढून घेतला. लसूण लागलेला होता. आईनं त्याचा दंड पकडला तर त्यानं कोपरानं तिच्या तोंडावर मारलं. ती फ्रीजवर आपटली. मी त्याच्या कमरेवर झेप घेतली, मला वाटलं मी त्याला पाडीन. रुपेशनं मोकळ्या हातानं माझी वेणी धरून मला भिंतीवर फेकलं.

बत्ता पडला. अंगठा. परत पडला. पहिलं बोट. पप्पा जे ओरडले ते मालिकेच्या शंखांमध्येही ऐकू आलं.

दिगूशेठनं बत्ता परत खलात ठेवला, व्यवस्थित. माझ्यासमोर उकिडवा बसला. "बाय, तू रेडर ना? गुडघे जप." चपला घालून ते गेले.

टीव्ही चालूच होता. कुणी बंद केला नाही. आईच्या नाकातून रक्त येत होतं, पण तिनं पुठ्ठा कापून पप्पांच्या बोटांना बांधायला घेतला. पप्पा जमिनीवर बसून म्हणत होते, "मला वाटलं नुसतं घाबरवतील. आईशप्पथ, मला वाटलं मॅडमना नुसतं घाबरवतील."

"मला माहीत होतं," आई बांधता बांधता म्हणाली. "त्याच दिवशी. मॅडमचा गुडघा बघितला आणि मला कळलं, टेस्टिंग नव्हती ती. मीही गप्प बसले."

माझ्या डोक्याला टेंगूळ आलं होतं. मी उठले, भिंतीकडे तोंड केलं आणि बोलायला लागले. बत्ता दिगूशेठ. मान मंगेश, डाव्या हातानं. हात रुपेश. रिमोट पप्पा, वीस, तीस, चाळीस. सून पाया पडत होती तेव्हा अंगठा. शंख वाजले तेव्हा पहिलं बोट. मग मागे गेले, मैदानावर. चौघं. चुना, बादली, दांडी, वेलचीपूड. आणि ट्रकमध्ये पाचवा, त्याचा हात एक क्षण थांबला, मग बटण पूर्ण फिरलं.

कुणी मला थांबवलं नाही.

मी टीव्हीचा प्लग खेचून काढला. घर इतकं शांत झालं की पप्पांचा श्वास ऐकू यायला लागला. कपाटावरच्या फोनवरचा राखाडी पट्टा गेला आणि रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लागला.

"पप्पा, आई, ऐका," मी म्हटलं. "उद्या सकाळी अकरा वाजता मी मोकल मॅडमसमोर बसणार आहे, आणि नंतर कोर्टात. पाच नावं आहेत, पाचही सांगणार. मला परत पहिल्यापासून करायचं नाही. पप्पा, बरोबर आलात तर पाचवं नाव तुमचं तुम्ही सांगा. नाही आलात तर मी सांगीन."